चंद्र मोठा हवा? मग मैलभर मागे सरा

पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चंद्राचे फोटो फिरू लागतात. असाच एक फोटो पाठवून एका वाचकाने विचारलं आहे, की परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या उंच दगडी स्तंभामागे हा एवढा अवाढव्य चंद्र खरा, की कॉम्प्युटरवर चिकटवलेला?

खरा असू शकतो. आणि तो खरा आहे का, हे ताडूनही बघता येतं.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, आपल्यापासूनचं अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या ११० पट. कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून पाहिली, की ती बरोब्बर चंद्राएवढी दिसते. दहा मीटरचा कळस चंद्राच्या तबकडीत नेमका बसवायचा तर ११०० मीटर मागे जायला हवं. चंद्र कुठूनही तेवढाच दिसतो. लहान होतो तो कळस. मग लांब पल्ल्याच्या लेन्सने दोन्ही एकदम जवळ ओढायचे. कळसाच्या पायथ्याशी उभं राहून कितीही झूम केलं तरी ही किमया साधणार नाही.

या बाबतीत परभणी जिल्हा नशीबवान आहे. गोदावरी-दुधनेच्या काठचं काळ्या मातीचं सपाट रान, रब्बीची ज्वारी निघाली की मैलभरावरून गावाचं देऊळ दिसतं. जिंतूरकडे नेमगिरी-चंद्रगिरीच्या बाजूला मात्र डोंगर आडवे येतात. तिथे आधी जागा हेरून ठेवावी लागते.

आता समोरची वस्तू काळी का येते? चंद्राची जमीन खरं तर काळपट आहे, पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परतवते. पण तिच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. आपल्या स्तंभावर पडतं ते पौर्णिमेचं चांदणं, उन्हापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद. वर आलेल्या पूर्ण चंद्रासाठी एफ/११ आणि आयएसओ १०० ठेवलं, तर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. त्याच मापांवर चांदण्यातल्या स्तंभाचं कोरीवकाम उमटवायचं तर शटर अर्धा तास उघडं ठेवावं लागेल! म्हणून भर रात्रीच्या फोटोत चंद्रावरचे डागही स्पष्ट आणि दगडावरची नक्षीही स्पष्ट दिसत असेल, आणि स्तंभावर दिव्यांचा झोत नसेल, तर ते दोन फोटो जोडलेले आहेत असं खुशाल समजा. दोन्ही एका क्लिकमध्ये हवं असेल तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. चतुर्दशीचा चंद्र सूर्य मावळायच्या आधीच वर आलेला असतो, आणि संधिप्रकाश दोघांनाही पुरतो.

'सुपरमून'च्या बातम्यांना भुलू नका. सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या पौर्णिमेच्या चंद्रात व्यासाचा फरक १४ टक्क्यांच्या आसपास. सरासरी चंद्राशी तुलना केली तर त्याच्या निम्माच. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटतो तोही भासच, कॅमेऱ्यात दोन्हीकडे एकच माप येतं. फोनचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवून फोनने टिपलं, तर फोनने त्यात नसलेले बारकावे स्वतःच भरले. तो फोटो चंद्राचा म्हणायचा का?

सगळ्यात अवघड असतं ते चंद्र नेमका कुठे उगवणार हे जाणणं. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा ईशान्येकडे उगवते, ज्येष्ठातली आग्नेयेकडे. त्यात १८.६ वर्षांचं चक्र आहे. २०२५ च्या सुमारास परभणीहून चंद्रोदय पूर्वेच्या उत्तरेला जवळजवळ ३० अंशांपर्यंत सरकत होता. २०३४ च्या सुमारास तो २० अंशांपलीकडे फारसा जाणार नाही. अर्ध्या अंशाची चूक म्हणजे ११०० मीटरवर दहा मीटर डावी-उजवीकडे पळापळ. वेळ मिळतो दोन मिनिटं, तेवढ्यात चंद्र आपल्या व्यासाइतका सरकतो. उगवताना तो वर जाता जाता उजवीकडे कलतो, म्हणून ट्रायपॉड उचलून आपण डावीकडे सरायचं.

आज हे सगळं ॲप सांगतं. पण चंद्राची चाल इतकी नेमकी कळली कशी, त्या गोष्टीत आपल्या भागाचा एक धागा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबादेत निजामिया वेधशाळा होती, नवाब जफर जंग यांनी हौसेने उभी केलेली आणि १९०८ मध्ये सरकारकडे आलेली. १९१८ ते १९४४ तिची धुरा टी. पी. भास्करन यांनी वाहिली. आकाशाच्या जागतिक छायाचित्र-नकाशातला हैदराबादचा वाटा तडीस नेणं हे त्यांचं मोठं काम. काचेच्या फोटोपट्ट्यांवरून लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या गेल्या.

पण मला जास्त भावतात ते त्यांच्या वेधशाळेने घेतलेले पिधानांचे वेध. चंद्र सरकता सरकता एखाद्या ताऱ्याच्या आड येतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तारा मंदावत नाही; पापणी लवायच्या आत नाहीसा होतो. दुर्बिणीला डोळा लावून तो क्षण घड्याळावर पकडायचा, की त्या क्षणी चंद्राची कड नेमकी कुठे होती हे कळतं. १९६९ मध्ये चंद्रावर आरसे ठेवून लेझरने अंतर मोजणं सुरू झालं, त्याआधी जगभरच्या वेधशाळांनी जमवलेल्या अशा नोंदींच्या मदतीनेही चंद्राची कोष्टकं सुधारत गेली. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंचे वडील याच वेधशाळेत काम करत. बाप्पूंचं नाव निदान आज दुर्बिणीला आहे. भास्करन यांचं नाव मराठवाड्यातल्या शाळेत कोणी घेत नाही, आणि ते घेतलं जायला हवं.

तेव्हा चंद्राचा फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती. फोटोखाली तारीख, वेळ, उभं राहण्याची जागा आणि समोरच्या वास्तूपासूनचं अंतर लिहा. एवढं दिलंत, तर तो खरा की खोटा हे कुणालाही गणित मांडून पाहता येईल.