कापता येतो, वाढवता येत नाही

जुलै-ऑगस्टमध्ये ईमेलचा डबा कंपन्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसांनी भरतो. पहिला ठराव हिशेबांचा, दुसरा बहुधा लाभांशाचा. बँकेत किती येणार हे मे महिन्यातच पेपरात छापून आलेलं असतं. मग आता आपल्याला विचारतात कशाला?

कारण तोवर काहीच ठरलेलं नसतं. संचालक मंडळ करतं ती निव्वळ शिफारस. लाभांश जाहीर होतो तो सभेत, साध्या बहुमतानं. आणि एकदा जाहीर झाला, की ती रक्कम कंपनीच्या डोक्यावरचं देणं होते. पाच दिवसांत वेगळ्या बँक खात्यात भरायची, 30 दिवसांत भागधारकांना पोचती करायची. उशीर झाला तर 18 टक्के व्याज. जाणूनबुजून टाळाटाळ करणाऱ्या संचालकाला 2013च्या कंपनी कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. शिफारशीच्या जोरावर मात्र कुणी दमडीही मागू शकत नाही.

या मंजुरीला एक मजेशीर काटा आहे. कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीत म्हटलंय, आणि बहुतेक कंपन्या तेच पाळतात, की सभेला शिफारशीपेक्षा जास्त लाभांश देता येणार नाही. कमी करायचा तर खुशाल करा! मुंबईत मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात उभं राहून कुणी कितीही तळमळीनं 'दोन रुपये वाढवा' म्हणालं, तरी अध्यक्षांनी हसून मान डोलावण्यापलीकडे काही होत नसे. मला हे बंधन रास्त वाटतं. ताळेबंदातला नफा म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे. त्यातला बराचसा उधारीत आणि गोदामात अडकलेला असतो. शिवाय भागधारक आज लाभांश घेऊन उद्या शेअर विकून मोकळा होतो, कर्ज देणारी बँक मात्र मागे राहते.

आपल्या पतसंस्थेच्या सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणणाऱ्यांना असा लगाम नवा नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना निबंधकांच्या परवानगीशिवाय 15 टक्क्यांवर लाभांश वाटता येत नाही.

खरी पळवाट वेगळीच आहे. अंतरिम लाभांश संचालक मंडळ स्वतःच्या अखत्यारीत देऊन टाकतं, सभेची वाट पाहत नाही. टीसीएससारखी कंपनी वर्षभरात तिमाहीगणिक अंतरिम लाभांश वाटते. मताला येतो तो फक्त शेवटचा हप्ता. तिथेही सुमारे 72 टक्के शेअर एकट्या टाटा सन्सकडे. निकालाची उत्कंठा ती काय असणार!

तरीही शंभर शेअरवाल्याला मत द्यायचंच असेल, तर घरबसल्या मतदानाची खिडकी सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते.