नकाशा आणि यंत्र यांच्यातील सव्वाशे मीटर

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, एका ओढ्याच्या अलीकडे, खडी फोडणाऱ्या मजुरांची वस्ती आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण मोजणीदार तेथे आला. हातात मावणाऱ्या जी. पी. एस. यंत्रावर त्याने चार झोपड्यांचे अक्षांश-रेखांश टिपले आणि ते जुन्या स्थलदर्शक नकाशावर मांडले. चारही ठिपके ओढ्यापलीकडे, राखीव जंगलात पडले. आठ दिवसांत जागा सोडण्याची नोटीस लागली.

म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "ओढा आमच्या मागल्या अंगाला आहे, पोरं तिथं पाणी भरतात, आम्ही ओलांडला कधी?" आम्ही सभा घेतली आणि मोजणीदाराला चिरीमिरी पोचली आहे असे बेधडक बोललो. टाळ्याही पडल्या. ते बोलणे साफ चुकीचे होते. का चुकीचे, हे कळण्यासाठी सातवीत शाळा सोडलेल्या आम्हांला जे शिकावे लागले, तेच येथे मांडतो.

अक्षांश-रेखांश जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वी धड गोल नाही. ध्रुवांपाशी चपटी, आणि डोंगरदऱ्यांनी खडबडीत. तीवर गणित चालेना, म्हणून मोजणाऱ्यांनी एक गुळगुळीत, किंचित दबलेला कल्पित गोळा घेतला आणि आकडे त्यावर मोजले. हा गोळा केवढा, आणि खऱ्या पृथ्वीला तो कोठे व कसा चिकटवायचा, या ठरावाला डेटम म्हणतात. गवंड्याला हे चटकन पटेल. एकाच भिंतीवरची खिडकी एकाने डाव्या कोपऱ्यापासून मोजली, दुसऱ्याने दाराच्या चौकटीपासून, तर आकडे निराळे येतील. खिडकी जागची हललेली नसते.

आपल्या जुन्या नकाशांचा ठराव एव्हरेस्टच्या गोळ्यावर उभा आहे. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा साखळीने मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत ही मोजणी उत्तरेकडे निघाली. लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास वारला; त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम हिमालयापर्यंत नेले. (मोठे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते डोंगरमाथ्यांवर चढवणाऱ्या खलाशांची नावे शिखरांना मिळाली नाहीत, एवढे आमच्या धंद्याला जागून म्हणतो.) एव्हरेस्टने गोळा निवडला तो हिंदुस्थानच्या भूमीशी जुळेल असा, आणि त्याची गाठ मारली मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथे. तेव्हा आकाशात उपग्रह नव्हते. खालीवर ठरवायला ओळंबा होता, आणि ओळंबासुद्धा हिमालयाच्या वस्तुमानाने बाजूला खेचला जातो! कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना यांच्यातील अंतर ताऱ्यांवरून एक आणि साखळीवरून दुसरे आले. फरक सुमारे पाच सेकंदांचा. आर्चडीकन प्रॅटने १८५५ च्या सुमारास त्याचा हिशोब मांडू पाहिला.

जी. पी. एस.चे उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याभोवती फिरतात. म्हणून त्यांचा डेटम, डब्ल्यू.जी.एस. ८४, तोच मध्य धरतो. एव्हरेस्टच्या गोळ्याचा मध्य त्यापासून सुमारे आठशे मीटर दूर आहे, आणि गोळाही थोडा लहान आहे. या दोहोंचा परिणाम होऊन आपल्या सह्याद्रीच्या भागात एकाच जागेच्या दोन आकड्यांत साधारण सव्वाशे मीटरचा फरक पडतो. उपग्रहाचे आकडे जसेच्या तसे जुन्या नकाशावर टाकले, तर ठिपका खऱ्या जागेच्या वायव्येस जातो. १:५०,००० च्या नकाशावर हे अंतर दोन-अडीच मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या बोथट टोकाएवढे. जमिनीवर मात्र त्यात एक ओढा बसतो. आमचा ओढा वस्तीच्या वायव्येसच होता.

ही चूक पूर्वी नजरेत का भरली नाही? मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम खोट घालत असे, आणि ती खोटच शंभर मीटरपर्यंत जाई. ती काढल्यावर उघड्या आकाशाखाली यंत्र पाच-दहा मीटरांत जागा सांगू लागले आणि डेटमचा फरक उघडा पडला.

आम्ही यंत्र घेऊन जवळच्या टेकडीवर गेलो. नकाशावर तेथे त्रिकोणमितीय स्थानकाचे चिन्ह आहे, जागेवर दगडही आहे. दगडावर यंत्र ठेवले. नकाशावर ठिपका टेकडीच्या कडेला घसरला, त्याच दिशेला, तेवढाच. मोजणीदार सोबत होता. त्याने यंत्राचा डेटम बदलला आणि ठिपका दगडावर येऊन बसला. नंतर वस्तीचे चारही ठिपके ओढ्याच्या अलीकडे आले.

ज्यांना डोंगरात किंवा वादात हे यंत्र वापरायचे असेल त्यांनी आधी नकाशाचा समास वाचावा. ४७ एफ अशा क्रमांकाचे जुने नकाशे एव्हरेस्टचे; २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यू.जी.एस. ८४ चे, त्यांना काही बदलावे लागत नाही. यंत्राच्या यादीत 'इंडियन' या नावापुढे बांगलादेश, थायलंड असे शब्द जोडलेले सापडतात. थायलंडचा आपल्या उपयोगाचा नाही. नावावर भरवसा न ठेवता एखाद्या ओळखीच्या दगडावर पडताळावे. आणखी एक खोडी: १८ अंश ३०.५ मिनिटे म्हणजे ३० मिनिटे ३० सेकंद, ५ सेकंद नव्हे. येथे चुकलात तर पाऊण किलोमीटर गेले. गावनकाशाची गोष्ट मात्र निराळी. तो साखळीने मोजलेला, त्यावर बहुधा अक्षांश-रेखांशाच्या रेषाच नसतात. तेथे डेटम बदलून काही साधत नाही, शेजारच्या बांधापासूनच मोजावे लागते.

वस्तीच्या उत्तरात आम्ही प्रत्येक आकड्यापुढे डेटमचे नाव लिहिले, आणि टेकडीवरचा पडताळा जोडला. नोटीस मागे घेतली गेली. मोजणीदाराची माफी आम्ही त्याच चौकात, त्याच ध्वनिक्षेपकावरून मागितली. टाळ्या त्या दिवशी कमी पडल्या.