सर्वांत भारी काऊबॉयपट कोणता?

मुलुंडच्या आमच्या बागेत रविवारी सकाळी चालणं कमी आणि बोलणं जास्त होतं. आम्ही सात-आठ निवृत्त माणसं. राजकारण, गुडघे आणि नातवंडं हे विषय संपले की एक वाद हमखास निघतो. सर्वांत भारी काऊबॉयपट कोणता? तुम्हाला हसू येईल. ज्यांनी जन्मभर लोकलखेरीज कशावर स्वारी केली नाही, त्यांनी घोडेस्वारांवरून भांडावं! पण आमच्या पिढीनं हे सिनेमे फार हौसेनं पाहिले. चांगला इंग्रजी सिनेमा म्हणजे लोकलनं व्ही.टी. गाठायची आणि मेट्रो, रिगल नाहीतर इरॉसच्या रांगेत उभं राहायचं.

बाकावर पहिलं मत पडतं ते 'मॅकेनाज गोल्ड'ला. १९६९चा हा सिनेमा अमेरिकेत फारसा चालला नाही, आपल्याकडे मात्र लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. दुसरं मत क्लिंट ईस्टवूडच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ला. तो तर इटलीच्या सर्जिओ लिओनेनं स्पेनमध्ये चित्रित केलेला. मग कुणीतरी 'शोले' म्हणतं आणि ठिणगी पडते. 'शोले' कसला काऊबॉयपट? तो तर डाकूंचा सिनेमा!

इथं मी थोडी मास्तरकी करतो. काऊबॉयपट टोपीवरून किंवा घोड्यावरून ओळखायचा नसतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. त्यानंतरच्या काही दशकांत पश्चिमेकडे नव्या वस्त्या झाल्या. तिथं माणसं आधी पोचली, कायदा मागाहून आला. शेरीफ एकटा, कोर्ट लांब. अशा गावात गुंड येतो, तेव्हा त्याला अडवायचं कुणी? बहुतेक काऊबॉयपटांच्या मुळाशी हा प्रश्न असतो. कुरोसावाच्या १९५४च्या 'सेव्हन सामुराय'मध्येही तोच होता. त्यावरून १९६०मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन' निघाला आणि १९७५मध्ये रामगढ त्याच वाटेवर वसलं. (जाता जाता, 'शोले'ला तेव्हा फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, संकलनाचं, आणि ते आपल्या मा. स. शिंद्यांना. हे सांगितल्याशिवाय आमचा रविवार पुरा होत नाही.)

माझं स्वतःचं मत १९५२च्या 'हाय नून'ला. गॅरी कूपरचा मार्शल त्याच दिवशी लग्न करून नोकरी सोडतो आहे. इतक्यात बातमी येते, त्यानं तुरुंगात धाडलेला गुंड बाराच्या गाडीनं परत येतोय. मार्शल दारोदार मदत मागत फिरतो. कुणी कारणं सांगतं, कुणी घरात असून नाही म्हणवतं. चर्चमध्ये भरपूर चर्चा होते, उठत कुणीच नाही. शेवटी साथ देते ती त्याची बायको. गुंड मरतात, मग लोक जमतात, आणि मार्शल छातीवरचा बिल्ला धुळीत टाकून निघून जातो. हे लिहिणारा कार्ल फोरमन तेव्हा स्वतःच अडचणीत होता. कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यानं सहकाऱ्यांची नावं सांगायला नकार दिला आणि त्याला हॉलिवूडमध्ये काम मिळेनासं झालं. पुढं 'मॅकेनाज गोल्ड'ही त्यानंच लिहिला!

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि जॉन वेन यांना 'हाय नून' मुळीच पटला नाही. खरा शेरीफ असा मदतीची भीक मागत फिरेल का, असा हॉक्सचा सवाल होता. उत्तर म्हणून त्यांनी १९५९मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला शेरीफ मदत मागत नाही, तरी एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा त्याच्याबरोबर उभे राहतात. म्हणजे हा वाद आमच्या बाकावरचा नाही, सिनेमा बनवणाऱ्यांमधलाच आहे.

मी 'हाय नून'च्या बाजूनं का, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मागच्या जागेत एका वजनदार माणसानं शेड ठोकली. आमचे सेक्रेटरी पोलिसांत द्यायच्या अर्जावर सह्या घेत दारोदार फिरले. माझीही बेल वाजली. मी आतून बायकोला म्हणालो, "सांग, बाहेर गेलेत." चोवीस बिऱ्हाडांत चार सह्या झाल्या. सेक्रेटरी तेवढ्यावर एकटे गेले. आठ महिन्यांनी शेड हलली. पुढच्या वार्षिक सभेत त्यांनी रजिस्टर आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा पद घेतलं नाही. त्यानंतर 'हाय नून' पाहताना मी मार्शलकडे बघत नाही. दाराआडच्या माणसाकडे बघतो.

ते सेक्रेटरी आमच्या बाकावरच असतात. गेल्या रविवारी धीर करून मी हे सगळं बोललो. ते म्हणाले, "ठाऊक आहे हो. तुमचा टीव्ही चालू होता." मग स्वतःचं मत दिलं, 'शोले'ला. कारण विचारलं. म्हणाले, "त्यात मुलगा गेल्यावर इमामचाचा गावाला थांबवतात. आणि गाव ऐकतं."

वाद अर्थातच मिटलेला नाही. पण सोसायटीच्या परवाच्या अर्जावर पहिली सही मी केली.