बंद न होणारं इंजिन

संपादकांनी पाठवलं होतं शेंद्रा एमआयडीसीवर लिहायला. तो इतिहास थोडक्यात आटोपतो: 2001 साली स्कोडाने इथं कारखाना सुरू केला, ऑक्टाव्हिया जुळवायला घेतली आणि आपल्या शहराच्या नावावर मोटारीही लागल्या. बाकीचं कंपनीच्या पुस्तिकेत आहे. मी अडकलो जालना रोडलगतच्या एका गॅरेजात, अंगठ्याएवढ्या एका वस्तूपाशी.

समोर जुनी क्वालिस होती, वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक वाहून थकलेली. चावी ड्रायव्हरच्या खिशात आणि इंजिन निवांत धडधडतंय. पेट्रोलच्या गाडीत चावी फिरवली की ठिणगी जाते आणि इंजिन थांबतं. डिझेलला ठिणगीच नाही. सिलिंडरातली हवा दाबून विसाव्या हिश्शाएवढी केली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप भडका. म्हणजे थांबवायचं तर डिझेल तोडा, नाहीतर हवा. जुन्या ट्रॅक्टरवाल्याला हे सांगावं लागत नाही, तो स्टॉपची दांडी ओढतो.

क्वालिसमध्ये ते काम सोलेनॉइड करतं. रोटरी पंपावर आटे देऊन बसवलेली ती कॉइल, आत लहानसा दट्ट्या आणि स्प्रिंग. चावी चालू असेतो करंट दट्ट्याला ओढून धरतो. करंट गेला की स्प्रिंग त्याला ढकलते आणि डिझेलची वाट मिटते. वायर तुटली तरी गाडी थांबेल, भरकटणार नाही. ही योजना मला फार आवडली.

गॅरेजच्या मिस्त्रींनी पाना उचलण्याआधी सोलेनॉइडची वायर उपसली. इंजिन थांबलं असतं तर दोष वायरिंगचा: चावीचा स्विच चिकटला, किंवा कुणी टेप जोडताना भलतीकडून करंट आणला. ते थांबलं नाही. "पंपातच आहे, साहेब." मग पाचवा गिअर, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन गप्प.

सोलेनॉइड खोललं तर आत दट्ट्याच नव्हता.

हा रस्त्यावरचा जुना जुगाड. कॉइल जळाली की डिझेल अडतं, गाडी हलत नाही. मग कुणीतरी दट्ट्या-स्प्रिंग काढून घेतो आणि नुसतं टोपण परत बसवतो. भाडं पोचतं, चावी निकामी होते. जुना ड्रायव्हर रोज गिअर टाकूनच गाडी मारत असणार. नवा आला आणि चावी फिरवत बसला. मला याचा राग आला, मिस्त्रींना नाही. "शिर्डीच्या रस्त्यावर रात्री दुकान कुठं उघडं असतं?"

नवं सोलेनॉइड बसलं. चावी दिल्यावर टक् असा आवाज आला, चावी काढताच इंजिन बंद.

"हे सोपं," मिस्त्री म्हणाले, "टर्बोवालीचं विचारा."

इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, इंजिन ऑइलवर तरंगत. त्याचं सील गेलं की ऑइल हवेच्या वाटेने थेट सिलिंडरात जातं, आणि डिझेल इंजिनाला ऑइलही जळण म्हणून चालतं. मग रेस आपोआप चढत जाते, मागे निळसर धुराचा लोट. चावी, सोलेनॉइड, कॉमन रेलचा कॉम्प्युटर, सगळे डिझेल तोडून मोकळे झालेले असतात. इंजिन डिझेल मागतच नसतं. टर्बो नसलेल्या गाडीतही ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं किंवा रिंगा झिजल्या तर ब्रीदरमधून हेच घडतं. ऑइल संपेपर्यंत पळायचं आणि मग जाम व्हायचं, किंवा कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडून बाहेर यायचं.

घाबरून लोक पाणी ओततात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे रॉड वाकतो. हाताने हवेचा पाइप दाबणं त्याहून वाईट. ओढ इतकी असते की हात सुटत नाही. जाड फळी दाबावी, कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक पाइपात सोडावं, किंवा पहिल्या काही क्षणांतच वरच्या गिअरमध्ये घालून इंजिन दाबून मारावं.

"आणि ऑटोमॅटिक असेल तर?"

"तिला कुठला क्लच? फळी सापडली तर ठीक, नाहीतर लांब उभं राहायचं."