भिंतीवरचं सर्टिफिकेट

मैत्रिणींनो, औषधाच्या दुकानात गेल्यावर तुमची नजर कुठं जाते? माझी वर्षानुवर्षं दोनच ठिकाणी जायची. एक हातातल्या चिठ्ठीकडे आणि दुसरी बिलाच्या आकड्याकडे. भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत एक कागद टांगलेला असतो. त्यावर कुणाचं तरी नाव असतं, नोंदणी-क्रमांक असतो. तो कागद नीट वाचावा असं मला कधी वाटलं नव्हतं. वाटलं ते सासूबाईंच्या दुखण्यापायी.

सासूबाईंना संधिवात. सकाळी बोटं वळायची नाहीत. पोळी लाटणं तर सोडाच, चहाचं पातेलं उचलायचीही चोरी! नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या लिहून दिल्या, त्यांत एक मेथोट्रेक्सेटची होती. पारशिवनीला परतताना वाटेत एका गावी थांबून आम्ही औषधं घेतली. काउंटरवर एक चटपटीत मुलगा होता. त्यानं भराभर स्ट्रिपा काढल्या, कागदी पाकिटावर पेनानं रेघ ओढली आणि म्हणाला, "ही रोज रात्री, जेवणानंतर." आम्ही माना डोलावल्या. मी बी. ए. झालेली बाई, शाळेत मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडते. पण त्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते काही मी वाचलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी सासूबाईंचं तोंड आलं. मे महिना, आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. उष्णता झाली असेल म्हणून मी गुलकंद दिला, जिभेला तूप लावलं, जेवायला ताकभात केला. तोही त्यांना गिळवेना. संध्याकाळी शेजारच्या वहिनी कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. सासूबाईंना पाहून त्यांनी सहज उशाशी पडलेली स्ट्रिप उचलली आणि रिकामे खळगे मोजले.

"काकू, ही गोळी रोज घेता?"

"हो ना, त्या पोरानंच सांगितलं."

वहिनींचा चेहरा पार उतरला. "चिठ्ठी कुठंय?" म्हणाल्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी अगदी स्वच्छ लिहिलं होतं, 'आठवड्यातून एकदा, रविवारी.' आता इंग्रजीत लिहिलेलं होतं हे खरं, पण मला इंग्रजी येत नाही असं थोडंच आहे!

त्याच रात्री आम्ही नागपूर गाठलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या. त्या औषधावर उतारा म्हणून फॉलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं द्यावी लागली, आठ दिवस इस्पितळात काढावे लागले. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, वहिनींना हे कसं कळलं? तर वहिनी डी. फार्म. आहेत. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे प्रशिक्षण, मग महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. म्हणजे कायद्यानं पक्क्या फार्मासिस्ट! पण लग्न झालं, दोन मुलं झाली आणि अकरा वर्षं त्यांनी काउंटर पाहिला नव्हता. त्यांचं सर्टिफिकेट मात्र नोकरीला होतं! दुसऱ्या गावातल्या एका दुकानाच्या भिंतीवर ते टांगलेलं, आणि त्याचं 'भाडं' महिन्याच्या महिन्याला घरी यायचं. आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. शिकलेल्या सुनेचं सर्टिफिकेट कुठंतरी लटकतं आणि सून घरात भाकऱ्या थापते. पैसे येतात, कुणाला काही खटकत नाही.

कायद्याला मात्र खटकतं. १९४८च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये. औषधविक्रीचे नियमही हेच सांगतात, चिठ्ठीवरची औषधं त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत. प्रत्यक्ष म्हणजे माणूस समोर हवा. चौकटीतला कागद देखरेख कशी करणार?

पुढे २०१५ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं व्यवसायाचे नवे नियम आणले. त्यांत आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, फार्मासिस्टनं स्वच्छ पांढरा कोट घालावा, त्यावर नाव आणि नोंदणी-क्रमांकाचा बिल्ला लावावा, आणि औषध देताना रोग्याशी बोलावं. औषध कशासाठी आहे, कसं घ्यायचं, कुठं ठेवायचं, एखादी मात्रा चुकली तर काय करायचं, त्रास कोणता होऊ शकतो, हे सगळं सांगणं त्याच्या कामातच धरलं आहे. उपकार म्हणून नव्हे! दुसरी गोष्ट, पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग, प्रत्येक निदान एका दिवसाचा, त्यानं करायचे आहेत. रिफ्रेशर कोर्स म्हणतात ते हेच.

अशाच एका वर्गाला वहिनी नागपूरला गेल्या होत्या. सासूबाईंचं तोंड यायच्या अगदी महिनाभर आधी! जाणं काही सोपं नव्हतं. पहाटे उठून दोन डबे, एक पथ्याचं जेवण, मुलांच्या गणवेशांना इस्त्री, आणि वर त्यांच्या सासूबाईंचा टोमणा, "काहून वं बाई, आता या वयात शाळेत जातं का?" वहिनी तरी कुठं ज्ञानासाठी निघाल्या होत्या! सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडलं तर भाडं बंद होईल, म्हणून घरातून परवानगी मिळाली होती. त्यांनी स्वतःच मला हे हसत हसत सांगितलं. पहिल्या तासाला त्यांना झोप येत होती, शेजारची बाई पर्समध्ये भाजीचा हिशोब करत होती. मग एका वक्त्यांनी ही आठवड्याची गोळी घेतली. ती रोज दिली गेली की काय होतं, तोंड कसं येतं, ताप कसा भरतो, आणि ही चूक जगभर पुनःपुन्हा का होते, हे पंधरा-वीस मिनिटं सांगितलं. तेवढी वीस मिनिटं आमच्या घराला पुरली.

त्या दिवसाची वही वहिनींनी मला वाचायला दिली. मी ती दोनदा वाचली, कारण तिच्यात निम्मं आपल्याच घरातलं होतं. त्या कॉलेजात होत्या तेव्हा जे नव्हतं, तेच त्यात जास्त! उदाहरणार्थ, १ मार्च २०१४पासून अँटिबायोटिक, क्षयाची औषधं अशा ४६ औषधांची वेगळी यादी झाली. शेड्यूल एच-वन म्हणतात तिला. ही औषधं देताना रोग्याचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. म्हणून 'मागच्या वेळची ती कॅप्सूल द्या हो' असं आपण म्हणालो आणि दुकानदारानं चिठ्ठी मागितली, तर रागावू नका. तो शहाणा दुकानदार आहे!

इन्शुलिनचंच घ्या. काचेच्या बाटलीतलं इन्शुलिन आपल्याकडे बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनातलं १०० युनिटचं; शंभराच्या बाटल्याही मिळतात. सिरिंजाही दोन तऱ्हांच्या. चाळीसची लाल टोपणाची, शंभराची नारिंगी टोपणाची. शंभराचं इन्शुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर पोटात वीस नाही, पन्नास युनिट जातात. एका टोपणाच्या रंगानं माणूस बेशुद्ध पडू शकतो! आणि आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो तेव्हा बाटली खिडकीत ठेवून चालत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात मुळीच नको; गोठलेलं इन्शुलिन फेकायचंच. थायरॉइडची गोळी अनशापोटी, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. आपण काय करतो? सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकाच घोटात, म्हणजे झंझट मिटलं!

वहीत एक पान लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांचं होतं. ते वाचताना मात्र माझा हात थांबला. छिंदवाडा आपल्याला लांब नाही, आपली पेंच नदी तिकडूनच येते. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या परासिया भागात खोकल्याचं औषध घेतलेल्या वीसहून अधिक लेकरांचा मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांतल्या कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरलाच आणलं होतं. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. ०.१ टक्क्याची मर्यादा, आणि तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला सापडलं ४८.६ टक्के! आमच्या आईच्या पिढीला १९८६ आठवत असेल. मुंबईच्या जे. जे. इस्पितळात ह्याच विषानं भेसळलेल्या ग्लिसरीननं चौदा रोगी दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला होता. चाळीस वर्षं होत आली, विष तेच.

इथं एक खरं सांगायला हवं. बाटलीत विष आहे की नाही, हे कोणताही फार्मासिस्ट नुसतं बघून सांगू शकत नाही, मग त्यानं दोन सोडून वीस वर्ग केलेले असोत. तो दोष कारखान्याचा आणि तपासणीचा. पण एखाद्या बॅचची विक्री थांबवा असा हुकूम निघाला की तो त्याच दिवशी वाचून बाटल्या बाजूला काढणं, आपण आधी नेली असेल तर आपल्याला निरोप धाडणं, हे काउंटरवरच्या माणसाचं काम आहे. आणि आणखी एक. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापण्याचा हुकूम डिसेंबर २०२३मध्येच निघाला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानंही कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. हे ठाऊक असलेला माणूस तुमच्या हातातली बाटली परत घेईल. ठाऊक नसलेला वर चमचाही देईल!

बाहेरच्या देशांत ही उजळणी बरीच कडक आहे. अमेरिकेत १९७६ साली फार्मसीच्या खास शाखांसाठी एक मंडळ स्थापन झालं. कर्करोग, बालरोग, हृदयरोग अशा एकेका विषयातलं ते प्रमाणपत्र जन्मभराचं नसतंच. सात वर्षांनी अभ्यास चालू ठेवल्याचा पुरावा दिला तरच ते टिकतं. असे फार्मासिस्ट इस्पितळात डॉक्टरांबरोबर खाटेपर्यंत जातात, कोणत्या औषधाचं कोणत्या औषधाशी वाकडं आहे ते पाहतात. आपल्याकडेही २००८पासून सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आहे. त्या मुली मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत दिसू लागल्या आहेत. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावात आपल्या वाट्याला येतो तो दुकानातला फार्मासिस्ट. मग त्याच्यासाठी पाच वर्षांत दोनच दिवस? मला तर हे फारच थोडं वाटतं. आम्हा मास्तरणींनासुद्धा ह्याहून जास्त प्रशिक्षणांना बसवतात, आणि आमच्या चुकीनं फार तर मुलाचे मार्क जातात! त्यातही काही जण सही करून जेवणाच्या सुट्टीत पसार होतात, असं वहिनीच सांगत होत्या.

सासूबाई घरी आल्या त्या रात्री वहिनी आमच्या ओट्यावर बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडची चूक मी पकडली. पण माझ्या नावाच्या दुकानात आत्ता कोण बसलंय, कुणाला काय सांगतंय, हे मला कुठं ठाऊक आहे?" मला काही उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकानमालकाला आणि अन्न व औषध प्रशासनाला, दोघांनाही पत्र लिहून आपलं नाव काढून घेतलं. मालक घरी येऊन गेला, आधी गोडीनं, मग आवाज चढवून. भाड्याचे पैसे थांबले तसं घरातही दोन महिने वातावरण तापलं होतं. यजमान गप्प, सासूबाई बोलून दाखवणाऱ्या. हे सगळं सहज सुटलं असं मी म्हणणार नाही.

आता वहिनी गावातल्याच एका दुकानात संध्याकाळी पाच ते नऊ बसतात. पांढरा कोट, बिल्ला, सगळं आहे. पगार भाड्यापेक्षा थोडाच जास्त. मुलांचा गृहपाठ आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे असतो. त्यांचा मोठा मुलगा गणितात कच्चा आहे, पण पोरगं गुणी.

हो, एक राहिलं. औषधानं काही विपरीत झालं तर ते कळवायला १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क नंबर आहे, कार्यालयीन वेळेत लागतो. डॉक्टरच नव्हे, आपणही कळवू शकतो. मी फ्रिजवर लिहून चिकटवला आहे. आणि औषध घेताना आता मी एवढंच विचारते, "हे सगळं चिठ्ठीशी ताडून मला एकदा वाचून दाखवता का?" कधी कधी मागच्या रांगेतून उसासे ऐकू येतात.

सासूबाईंच्या गोळ्या वहिनींच्याच दुकानातून येतात. स्ट्रिप पाकिटात घालताना वहिनी त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहितात : 'फक्त रविवारी. इतर दिवशी नाही.' सासूबाईंनी ते पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलंय. रविवारी पूजा झाली की त्या मला हाक मारतात, चष्मा लावून पाकिटावरची अक्षरं मोठ्यानं वाचतात, आणि मगच गोळी काढतात.