क्रॅक फुकट, फाइल्स गहाण!

रॅन्समवेअर कम्प्युटरमधून काढणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते फाइल्स परत मिळवणं. म्हणूनच पहिल्या तासात काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सबमिशनला चार दिवस उरलेत. ब्लॅक बुकचा शेवटचा चॅप्टर बाकी आहे. प्रेझेंटेशनसाठी व्हिडिओ एडिट करायचाय आणि नेमकी सॉफ्टवेअरची ट्रायल संपलीये. ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, ‘फुल व्हर्जन आहे, मस्त चालतंय. फक्त अँटिव्हायरस बंद कर.’

तुम्ही करता बंद. झिप फाइल उघडता, सेटअपवर डबल क्लिक करता. सॉफ्टवेअर काही सुरू होत नाही, पण विंडोज अपडेट होतंय असं सांगणारी एक खिडकी येते. होऊ दे अपडेट, तोवर चहा मारून येऊ, असं म्हणून तुम्ही उठता.

परत येऊन बघता तर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अनोळखी अक्षरांचं शेपूट. प्रोजेक्ट उघडत नाही, फोटो उघडत नाहीत, आजीच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओही नाही. फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक फाइल. त्यात लिहिलेलं असतं, फाइल्स परत हव्या असतील तर ९८० डॉलर द्या. ७२ तासांत संपर्क केलात तर अर्ध्या किमतीत, ४९० डॉलर. म्हणजे चाळीस हजारांहून जास्त रुपये!

प्रसंग कल्पनेतला आहे, पण यातली एकेक पायरी खरी आहे. २०१८ पासून फिरणाऱ्या ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाच्या रॅन्समवेअरची हीच पद्धत. रॅन्सम म्हणजे खंडणी. ते अपडेटही खोटंच. मागे फाइल्सना कुलूप लागत असताना तुम्हाला गप्प बसवायला दाखवलेलं.

दार कोण उघडतं?

काही रॅन्समवेअर स्वतःच घुसतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं विंडोजमधल्या एका त्रुटीतून जगभरातले दोन लाखांहून जास्त कम्प्युटर गाठले. त्या त्रुटीवरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ‘नंतर बघू’ म्हणणारे सापडले. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’चा फटका थेट आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनललाही बसला.

‘स्टॉप’ला मात्र असं काही करावं लागत नाही. क्रॅक, कीजेन, अ‍ॅक्टिव्हेटर यांच्यात ते लपून येतं आणि दार आपणच उघडतो. अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना क्रॅकसोबत असतेच. वॉचमनला सुट्टी देऊन चोराला आत घेण्यातला हा प्रकार! शिवाय ते एकटं येत नाही. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही अनेकदा सोबत आणतं.

चोर गेला, कुलूप राहिलं

चोर घरात शिरला आणि तुमच्या कपाटाला स्वतःचं कुलूप लावून बसला, असं समजा. चोराला तुम्ही हाकलू शकता. पण कुलूप तसंच राहतं आणि किल्ली त्याच्याकडे. अँटिव्हायरस चोराला हाकलतो, कुलूप उघडत नाही. ‘स्कॅन केलं, व्हायरस गेला, तरी फाइल्स का उघडत नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

मग करायचं काय? क्रमानं बघा.

१. आधी नेट तोडा. वाय-फाय बंद. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क काढा. नाहीतर त्यातल्या फाइल्सनाही कुलूप लागेल.

२. घाबरून फॉरमॅट मारू नका. खंडणीच्या चिठ्ठीचा फोनवर फोटो काढा. चिठ्ठी आणि लॉक झालेल्या फाइल्स, दोन्ही जपा. फाइलचं नाव बदलून, शेपूट काढून काही होत नाही.

३. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या डिव्हाइसवरून. आधी ईमेल, मग बँक, मग सोशल मीडिया. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

४. आता व्हायरस काढा. विंडोज सिक्युरिटीत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ असतं. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतं. हे टाळू नका, कारण ‘स्टॉप’ ठरावीक वेळानं पुन्हा चालू होण्याची सोय करून ठेवतं आणि नव्या फाइल्सही लॉक करतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॉक झालेल्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर ठेवून विंडोज नव्यानं टाकणं.

५. किल्ली शोधा, पण योग्य ठिकाणी. युरोपोल, डच पोलीस आणि सायबर सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. तिथे लॉक झालेली फाइल आणि चिठ्ठी अपलोड केली की रॅन्समवेअर कोणतं ते कळतं. किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. यूट्यूबच्या कमेंटमध्ये भेटणाऱ्या ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’च्या नादी लागू नका. २०२० मध्ये ‘स्टॉप’वरचा उपाय म्हणून एक टूल फिरत होतं. ते चालवलं की लॉक झालेल्या फाइल्सना दुसरं कुलूप लागायचं!

६. तक्रार करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

७. पैसे देऊ नका. किल्ली मिळेलच याची हमी नाही. ‘नॉटपेट्या’मध्ये तर पैसे भरूनही फाइल्स परत मिळण्याची सोयच नव्हती.

आशा कितपत?

थोडी आहे. ‘स्टॉप’ कुलूप लावताना गुन्हेगारांच्या सर्व्हरवरून तुमच्यासाठी वेगळी किल्ली आणतं. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर स्वतःजवळची एकच ठरलेली किल्ली अनेकांना वापरतं. अशी किल्ली संशोधकांच्या हाती लागली की बऱ्याच जणांच्या फाइल्स सुटतात. एम्सिसॉफ्ट कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये असं मोफत टूल दिलं. आज उघडलं नाही ते पुढेमागे उघडू शकतं, म्हणून फाइल्स जपायच्या. दुसरं म्हणजे, घाईत असल्यामुळे ते प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतं. त्यामुळे मोठ्या झिपमधल्या पहिल्या एक-दोन सोडून बाकीच्या फाइल्स अनेकदा बाहेर काढता येतात.

पण पहिल्या प्रकारची, फक्त तुमच्यासाठी बनलेली किल्ली लागली असेल, तर खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हात टेकावे लागतात. मग उरतो एकच आधार, बॅकअप.

तहान लागल्यावर विहीर नको

साधा हिशोब लक्षात ठेवा. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर. हार्ड डिस्क कॉपी झाली की लगेच काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. सिंक चालू असेल तर लॉक झालेली फाइलही ड्राइव्हवर जाते. पण गूगल ड्राइव्ह अपलोड केलेल्या फाइलची जुनी व्हर्जन ३० दिवस ठेवतं. महिना उलटायच्या आत ती काढा.

आणि क्रॅक? त्याची गरज तरी किती? व्हिडिओसाठी डाविन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, थ्रीडीसाठी ब्लेंडर, रिपोर्टसाठी लिब्रेऑफिस. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. कॉलेजच्या ईमेल आयडीवर आणखी काय काय मिळतं, ते लॅबमध्ये विचारा.

हे वाचून झालं की पेपर बाजूला ठेवा आणि तुमच्या प्रोजेक्टची आत्ता नेमकी किती ठिकाणी कॉपी आहे ते मोजा. उत्तर ‘एक’ असेल, तर आज रात्री झोपायच्या आधी दुसरी करा.