हिरव्या गोळीतील फसवे जीवनसत्त्व

विहिरीच्या पायऱ्यांवरील निसरडे शेवाळ तुम्ही पाहिलेच असेल. असाच पाण्यात वाढणारा एक सूक्ष्म जीव हल्ली गोळ्यांच्या रूपाने औषधांच्या दुकानात मिळतो. त्याचे नाव स्पायरुलिना. त्याला नील-हरित शैवल म्हणत. आता त्याची गणना जीवाणूंत होते. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक तो टेक्सकोको सरोवरातून गोळा करून खात. वाळवलेल्या स्पायरुलिनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. म्हणजे अन्न म्हणून तो मुळीच निकृष्ट नाही. मग अडचण कोठे येते?

समजा, तुमच्या शाकाहारी आजीला सारखा थकवा येतो, पायांना मुंग्या येतात. तपासणीत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. शेजारचे काका म्हणतात, "इंजेक्शन कशाला? स्पायरुलिना घ्या, त्यात ब-१२ भरपूर असते!"

हे 'भरपूर' कसे मोजले? जुनी रीत अशी : ब-१२ वाचून न वाढणारे जीवाणू घ्यायचे, त्यांना तो पदार्थ द्यायचा आणि ते किती वाढले ते पाहायचे. स्पायरुलिनावर ते छान वाढतात. पण जीवाणूंना चालते ते माणसाला चालतेच असे नाही. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी स्पायरुलिनाच्या गोळ्यांतील ही द्रव्ये वेगळी करून पाहिली. त्यांत खरे ब-१२ सुमारे १७ टक्केच होते. उरलेले ८३ टक्के 'छद्म ब-१२' निघाले.

दोन्ही रेणूंच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. फरक असतो तो एका लहानशा भागात. आपल्या जठरातून स्रवणारे एक प्रथिन ब-१२ ला धरून लहान आतड्यात पोचवते आणि तेथे त्याचे शोषण होते. हे प्रथिन छद्म रेणूला जवळजवळ धरतच नाही.

परिणाम काय? आजी गोळ्या घेत राहते, खरा उपचार लांबतो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. फार उशीर झाला, तर ती पूर्णपणे भरूनही येत नाही.

आणखी एक उदाहरण पाहा. फिनिलकीटोन्युरिया हा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांना फिनिलॲलनीन हे ॲमिनो आम्ल पचवता येत नाही. स्पायरुलिनाच्या प्रथिनांत ते असतेच. निरोग्याला पोषक तेच त्यांना अपायकारक!

तेव्हा घरात कोणी आजारी असेल, तर अशी गोळी सुरू करण्यापूर्वी डबा डॉक्टरांना दाखवा. आणि सांगितलेले इंजेक्शन मात्र चुकवू नका.